फिरता पंखा आणि तापलेली हवा

छोट्या विमानाचा फोटो समोर आला की माझी नजर आधी पंख्यावर जाते. पाती कोरून काढल्यासारखी स्थिर दिसली, तर बाकी कितीही सुंदर असलं तरी मन लागत नाही. चाकं जमिनीपासून वीस-पंचवीस फूट वर आहेत, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप उतरलेले आहेत, आत बसलेल्या शिकाऊ पोराचे दोन्ही हात कामात आहेत, आणि पुढचा पंखा मात्र बंद! दोरीला टांगलेलं खेळणं वाटतं ते. वाईट याचं की हे बहुधा कॅमेरा नीट शिकलेल्या माणसाच्या हातून होतं. धावत्या वस्तूला शटर वेगवान ठेवायचं, हे त्याने मनात पक्कं केलेलं असतं. पक्ष्यांना, क्रिकेटला, जेट विमानाला ते बरोबर आहे. पंख्याच्या विमानाला शटर मंद लागतं, आणि ते किती मंद हे पंख्याच्या फेऱ्यांवरून काढता येतं.

सेसना १७२ हे शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान घ्या. टेकऑफला तिचा पंखा मिनिटाला साधारण २४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम १४ अंश सरकतं. फोटोत ते थांबलेलंच दिसणार. १/२५० ला ५८ अंश, १/१२५ ला ११५ अंश. दोन पात्यांच्या पंख्याची पूर्ण चकती दिसायला प्रत्येक पात्याने १८० अंश पार करायला हवेत, आणि त्यासाठी १/८० लागतं. हे झालं टेकऑफचं. उतरताना पायलट इंजिन कमी करतो, फेरे १५०० च्या आसपास येतात, म्हणजे सेकंदाला २५. आता त्याच १/१२५ ला पातं फक्त ७२ अंश फिरतं आणि पूर्ण चकतीसाठी १/५० पर्यंत खाली यावं लागतं. टेकऑफला छान जमलेलं सेटिंग लँडिंगला फसतं ते यामुळेच. डायमंड डीए ४२ या शिकाऊ विमानाच्या दोन्ही इंजिनांना तीन-तीन पात्यांचे पंखे असतात. तिथे १२० अंश पुरतात, म्हणून टेकऑफला १/११५ च्या आसपासच चकती पूर्ण होते.

पूर्ण चकतीचा हट्ट धरायलाच हवा असं नाही. पाती साठ-सत्तर अंश पसरलेली, टोकाकडे विरत गेलेली, हे मला चकतीपेक्षाही आवडतं, कारण त्यात पात्याचा आकारही कळतो. नवख्याने १/३२० पासून सुरू करावं आणि हात बसेल तसं २००, १६०, १२५ असं उतरत जावं. मोबाईलने किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या मूक शटरने पंख्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि तेवढ्यात पातं पुढे निघून गेलेलं असतं. मग पाती वाकलेली, कधी तुटून हवेत तरंगणारी दिसतात. मेकॅनिकल शटर लावा, एवढाच त्याला उपाय.

हे गणित जगात कुठेही सारखंच. पण विदर्भात त्यावर आणखी एक ओझं येतं ते उन्हाचं आणि तापलेल्या हवेचं. आपल्याकडे विमानाचे फोटो काढायचे तर आधी जागा शिकावी लागते: सूर्य कोणत्या बाजूने वर येतो, वारा कोणत्या महिन्यात कुठून वाहतो, धावपट्टीच्या कडेच्या वावरात काय उभं आहे, धानाच्या बांधीत पाणी आहे की नाही. लेन्सचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

जागा आपल्याकडे आहेत. गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधला. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून काढलेली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट तिथेच आहे. तिथली डायमंड डीए ४० आणि डीए ४२ विमानं धानाच्या बांध्यांवरून चकरा मारताना दिसतात. नागपूर फ्लाइंग क्लबकडे सेसना १५२ आणि १७२ आहेत. चंद्रपूरजवळ मोरव्याची धावपट्टी आहे. अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला प्रवाशांसाठी खुलं झालं आणि एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण शाळाही तिथेच आखलेली. म्हणजे विदर्भातल्या पोरापोरींना शिकाऊ विमान बघायला मुंबई-पुण्याची वाट धरायची गरज नाही.

आता परवानगी. एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला नियम १३ सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला, पण म्हणून विमानतळावर कॅमेरा मोकळा झाला असं कोणी समजू नये. अर्ज विमानतळ संचालकांच्या नावे करावा आणि प्रत फ्लाइंग स्कूलच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरना द्यावी. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्राच्या प्रती, कॅमेरा-लेन्सचे सिरियल नंबर, गाडीचा नंबर आणि फोटोंचं पुढे काय करणार हे सगळं लिहावं. कुंपणाबाहेरून, शेतातून काढणार असाल तरी जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवलेलं बरं. गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात लांब लेन्स घेऊन कोणी कुंपणाशी उभा दिसला तर पोलीस थांबवून विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं. जिथे हवाई दलाचा वावर आहे, जसं नागपूरचं सोनेगाव, तिथे कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा. विमानतळाच्या आसपास ड्रोन तर नकोच नको. ड्रोन नियम २०२१ चा भंग होतो हे एक, आणि एकट्याने पहिल्यांदा उडणाऱ्या पोराच्या वाटेत दीड किलोचं यंत्र आलं तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

परवानगी शेतमालकाचीही घ्यायची असते. "काकाजी, तुमच्या धुऱ्यावर घडीभर उभं राह्यलं तर चालते का?" एवढं विचारलं की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत बहुधा "राहा न जी, पण पऱ्ह्यात पाय नका टाकू" असंच उत्तर येतं. धुरा म्हणजे वावराचा बांध आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. काकाजींचं सांगणं शब्दशः पाळावं. रोवणीच्या दिवसांत धुरा मऊ असतो. ट्रायपॉडचा पाय रुतला की धुरा फुटतो आणि बांधीचं पाणी खालच्या वावरात जातं. त्या पाण्यावरून दोन घरांत भांडण लागू शकतं. पायात गमबूट हवेत, कारण धानात घोणस असते.

उभं कुठे राहायचं हे धावपट्टीवर लिहिलेल्या आकड्यांवरून ठरवता येतं. त्या आकड्याला दहाने गुणलं की दिशा मिळते. समजा एका टोकाला ०४ आणि दुसऱ्याला २२ लिहिलंय. म्हणजे पट्टी ४० अंशाकडून २२० अंशाकडे, ईशान्य-नैऋत्य अशी पडली आहे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत नाव घेण्यासारखा फरक नाही, त्यामुळे मोबाईलचं होकायंत्र पुरतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो. अशा पट्टीच्या आग्नेय बाजूला उभं राहिलं तर सकाळचा दीड तास ऊन बरोबर पाठीवर येतं आणि विमानाची पूर्ण बाजू उजळते. संध्याकाळी मात्र त्याच जागी विमान काळं पडतं, तेव्हा पट्टीच्या वायव्येला जावं लागतं. जूनमध्ये सूर्य २९५ अंशांवर मावळतो, आणि वायव्येच्या बाजूला संध्याकाळचं ऊन पुन्हा पाठीशी येतं. मोरवा असो की बेलोरा, आकडे घेऊन हा हिशेब घरी बसून कागदावर करता येतो. जागा ठरवूनच घरून निघावं.

सूर्य किती उंच आहे हेही बघावं लागतं. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या शेवटी तो दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा पंखाच्या वर सगळं पांढरं भक्क आणि खाली सगळं काळं. सेसनाचा पंख केबिनच्या वर असल्याने तिची खिडकी, दार, आतला माणूस, सगळंच सावलीत जातं. डायमंडचा पंख खाली आणि काचेचा घुमट वर, म्हणून ती थोडी तगते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि सकाळी साडेआठपर्यंत तर वीस अंशांच्या आतच असतो. खालची जमीनही फोटोत उतरते. कापलेल्या धानाच्या फिकट धसकटांवरून ऊन उसळून विमानाच्या पोटाखाली पिवळसर उजेड देतं. यवतमाळ-अमरावतीकडची पऱ्हाटीची (कापसाची) काळी माती तो सगळा उजेड पिऊन टाकते. तिथे पोटाखालची सावली गडदच राहणार, हे धरून चालावं.

वाऱ्याकडे लक्ष नसेल तर माणूस पट्टीच्या चुकीच्या टोकाला तासभर बसून राहतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि तोंडावरच उतरतं. विंडसॉकची नारिंगी पिशवी फुगून तिचं शेपूट जिकडे जातं, तिकडच्या टोकाकडून विमान उतरायला येणार. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि नऊ-दहानंतर दिशा धरतो. मग चालू धावपट्टी बदलते आणि शिकाऊ विमानांचा सगळा फेरा उलटा होतो. हा बदल लक्षात ठेवून दोन जागा आधीच हेरून ठेवाव्यात.

शिकाऊ विमान बहुतेक वेळ सर्किटमध्ये असतं: उडालं, हजार फुटांवर गेलं, डावीकडे वळत वळत पट्टीला समांतर मागे आलं, पुन्हा दोनदा वळलं आणि उतरलं. चाकं टेकली की इंजिन वाढवून पुन्हा वर. अशा एका फेऱ्याला साधारण सहा मिनिटं लागतात. त्यामुळे ही विमानं फोटोग्राफरला शिकवतातही. तोच क्षण सहा मिनिटांनी पुन्हा येतो आणि मधल्या वेळात चूक तपासून सेटिंग बदलता येतं. पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्याला ही सवलत कधीच नसते. कानही वापरावा. समांतर येणारं विमान उतरायच्या जागेसमोर आलं की पायलट बहुधा इंजिन कमी करतो आणि आवाज खाली येतो. तो ऐकू आला की हातातला चहा खाली ठेवावा. आता दीड-दोन मिनिटं आहेत. रेडिओ ऐकायचं यंत्र घेऊन फिरायच्या भानगडीत पडू नये, कान आणि विंडसॉक पुरतात.

उतरण्याची वाट साधारण तीन अंशांची असते, म्हणजे टेकण्याच्या जागेपासून ३०० मीटर अलीकडे विमान सोळाएक मीटर उंचीवर. कुंपणाबाहेर त्या जागी उभं राहिलं तर डोक्यावरून जातं. बघायला भारी, पण फोटोत पोट आणि चाकंच येतात. टेकण्याच्या जागेच्या समोर, बाजूला दीडशे मीटरवर उभं राहणं मला जास्त पटतं. किती एमएमची लेन्स? सेसना १७२ ची लांबी ८.२८ मीटर. छोट्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिने चौकटीचा दोन-तृतीयांश भाग व्यापावा असं वाटत असेल, तर मीटरमधल्या अंतराची दुप्पट करा: शंभर मीटरला २००, दीडशेला ३००. फुल फ्रेमवर तिप्पट, म्हणजे दीडशेला ४५०. साधी ७०-३०० ची लेन्स आणि छोट्या सेन्सरचा कॅमेरा एवढ्यावर काम भागतं. लाखभराची लेन्स नसल्यामुळे कोणी थांबू नये.

शिवाय लांब लेन्सचा आपल्याकडे उपयोगही मर्यादित आहे, कारण मध्ये हवा असते. फोटो मऊ आला की लोक फोकसला दोष देतात, लेन्स दुरुस्तीला पाठवतात, नवी घेतात. बहुतेक वेळा दोष झळयांचा असतो. तापलेल्या डांबरावरून गरम हवा वर येते, तिच्या आजूबाजूची थोडी थंड असते, आणि या दोन्हीतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. त्यामुळे विमानाच्या कडा, विशेषतः अंगावरची भारतीय नोंदणीची व्हीटी ही अक्षरं, पाण्याखाली धरल्यासारखी हलतात. ऑटोफोकसही गोंधळून पुढे-मागे होत राहतो. हे ओळखायची पद्धत अशी: कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, धावपट्टीकडेची एखादी पाटी मॅन्युअल फोकस करून एकामागून एक पाच फ्रेम घ्या आणि पूर्ण मोठ्या करून बघा. पाचही सारख्याच मऊ असतील तर फोकस चुकला. प्रत्येकीत अक्षरं वेगळी वाकलेली दिसली तर हवा. हवा असेल तर ६०० एमएम लावून काही होत नाही. लेन्स झळया मोठ्या करून दाखवते, एवढंच. जवळ जाता आलं तर जावं. नाहीतर विमान वर असताना, आकाशाकडे कोन करून काढावं, कारण झळया जमिनीलगत दाट असतात. तेही शक्य नसेल तर बंद करून घरी जावं.

विदर्भात उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पाऊण-एक तास निर्मळ मिळतो. हिवाळ्यात दहा-साडेदहापर्यंत चालतं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी जमीन आणि हवा यांचं तापमान जुळत येतं आणि झळया अचानक शांत होतात. मे महिन्यात सकाळनंतर तेवढीच वेळ हाती लागते, तेव्हा ती चुकवू नये. मधल्या जमिनीचाही फरक पडतो. पडीक, तडकलेल्या वावरावरून बघितलं तर अक्षरं नाचतात. उन्हाळी धानाच्या, पाणी भरलेल्या बांधीवरून बघितलं तर त्याच वेळी ती बरीच स्थिर असतात, कारण ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धान भरपूर, म्हणून ही सोय तिथे आहे. धावपट्टी आणि आपण यांच्यात हिरवी बांधी येईल असा धुरा शोधावा.

काही झळया आपण स्वतःसोबत आणतो. गाडीच्या बोनेटवर कोपर टेकून, त्यावरूनच फोटो काढणारे खूप दिसतात. बोनेट इंजिनाने तापलेलं, वर ऊन. लेन्सच्या अगदी पुढ्यातच गरम हवेचा पडदा उभा राहतो. काळी लेन्स उन्हात तापली की तिच्या पुढच्या हूडच्या (सावलीच्या नळीच्या) आत हाच प्रकार होतो. तिच्यावर पांढरा ओला दुपट्टा टाकावा, पुढची काच मोकळी ठेवून. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर उन्हाळ्यात हूडमध्ये थंड-गरम हवा मिसळत राहते आणि पावसाळ्यात काचेवर दव जमतं. वीस-पंचवीस मिनिटं बॅगेची चेन बंद ठेवूनच बाहेर राहू द्यावा.

उष्णतेचा विमानावरही परिणाम होतो, आणि तो फोटोत दिसतो. आपल्याकडची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट. पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंखांना आपण ४८०० फुटांवर आहोत असं वाटतं. थंड सकाळी तीनशे मीटरला चाकं सोडणारी सेसना मे महिन्यात साठ-सत्तर मीटर तरी जास्त धावते आणि वर चढतेही हळू. हिवाळ्यात हेरलेल्या जागेवरून उन्हाळ्यात विमान अजून जमिनीवरच दिसतं, ते याने. जागा पट्टीच्या कडेने तेवढी पुढे सरकवावी.

मंद शटरची दुसरी अडचण म्हणजे उजेड जास्त होतो. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर १/४०० येतं. ते १/१०० करायचं तर एफ १६ पर्यंत बंद करावं लागतं, आणि तिथे दोन तोटे. एक, फोटोची धार जाते. दोन, सेन्सरवर बसलेला प्रत्येक धुळीचा कण आकाशात काळा ठिपका म्हणून उमटतो, आणि आपल्या पांदणीवरून येणाऱ्याच्या सेन्सरवर धूळ नसेल असं होत नाही. त्यापेक्षा उजेड एक-चतुर्थांश करणारा, दोन स्टॉपचा एनडी ४ फिल्टर लावून एफ ८ वरच राहावं. पोलरायझर फिल्टरनेही उजेड कमी होतो खरा, पण डायमंडचा घुमट अॅक्रिलिकचा आहे. पोलरायझरमधून त्यात इंद्रधनुष्यी डाग दिसतात, आणि ते नंतर काढता येत नाहीत.

ही विमानं जवळजवळ सगळी पांढरी असतात, आणि डायमंडसारख्या कंपोझिट विमानाला तर पांढरंच राहावं लागतं. रेझिनने बांधलेला सांगाडा उन्हात एका मर्यादेपलीकडे तापून चालत नाही. पण कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्यावर फसतं. मागे गर्द झाडी असली की ते विमान जाळून टाकतं, मागे धुरकट उजळ आकाश असलं की विमान करडं करतं. म्हणून मीटरवर न सोडता मॅन्युअल एक्स्पोजर ठेवावं: उन्हातल्या पांढऱ्या भागावर चाचणी फ्रेम घ्यायची, जळल्याची चमक दिसणार नाही इतपत खाली आणायचं, आणि ढग येईपर्यंत हात लावायचा नाही. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेला पांढरा परत येत नाही.

राहिलं कॅमेरा फिरवणं. उतरणारी सेसना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे १/१०० सेकंदात ती ३३ सेंटिमीटर पुढे जाते. तेवढ्याच गतीने कॅमेरा फिरला नाही तर सगळंच पुसट होतं. पाय रोवताना विमान जिथे टिपायचं आहे तिकडे चवडे करावेत, मग कंबरेतून मागे वळून विमान लांब असतानाच चौकटीत घ्यावं. कोपरं बरगड्यांना टेकलेली, डावा तळवा लेन्सखाली. विमान समोर येतं तेव्हा शरीराचा पीळ सुटत असतो आणि हालचाल सगळ्यात मऊ असते. चवडे आधीच मागे वळवून उभं राहिलं तर समोर येईपर्यंत कंबर अडते आणि झटका बसतो. शटर दाबल्यावरही फिरणं चालूच ठेवावं. लेन्समध्ये स्टॅबिलायझरचा मोड २ असेल तर तो लावावा, कारण मोड १ आडव्या हालचालीशी भांडतो. फोकस सतत चालणारा, झोन मधला, आणि नेम व्हीटीच्या अक्षरांवर. कोऱ्या पांढऱ्या अंगावर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. १/१०० ला दहातल्या एक-दोन फ्रेम लागल्या तरी हात चांगला बसलाय असं समजावं.

हवेच्या दृष्टीने वर्षातला उत्तम काळ पावसानंतरचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास धूळ बसलेली, धान पिवळं होत आलेलं. पौषात बांध्यांमधून धुकं उठतं. डोळ्यांनी बघून उडायच्या नियमात पाच किलोमीटर दिसावं लागतं, त्यामुळे उड्डाणं उशिरा सुरू होतात आणि कोवळं ऊन रिकामं जातं. फाल्गुनात पळस फुलतो. मागे केशरी पळस आणि पुढे पांढरं विमान मिळालं तर त्यासाठी पहाटे चारला उठणं सोपं जातं. पावसाळ्यात उड्डाणं कमी, पण ओल्या पट्टीवर चाकांमागे उडणारं पाणी मंद शटरला फार देखणं येतं.

आत जायची परवानगी मिळाली तर नियम कडक पाळावेत. सोबतच्या माणसाला सोडून पाऊलही टाकू नये. टोपी, लेन्स कॅप, रुमाल, सगळं खिशात, चेन लावून. पंख्याचा झोत ते उचलतो आणि दुसऱ्या विमानाच्या पंख्यात नेतो. विमानावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला म्हणजे इंजिन सुरू होणार, तेव्हा मागे सरावं. थांबलेल्या पंख्याला कधीही हात लावू नये, फोटोसाठी सरळ करायलासुद्धा नाही. सेसनाच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटोतून येते, त्याला बॅटरी लागत नाही. बंद करणारी तार तुटलेली असेल तर हाताने पातं थोडं फिरलं तरी इंजिन झटका मारू शकतं. कॉकपिटकडे फ्लॅश नको. इंधन भरताना लांब.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. शिकाऊ पोराची उसळलेली लँडिंग, वाकडा टेकलेला टायर, पट्टीवरून गवतात गेलेलं विमान, हे फोटो सोशल मीडियावर टाकू नयेत. अंगावरचा नंबर स्पष्ट असतो, शाळेतल्या प्रत्येकाला त्या वेळी आत कोण होतं हे माहीत असतं, आणि ते पोर अजून शिकतंय. असा फोटो हाती आलाच तर इन्स्ट्रक्टरला खाजगीत द्यावा. चाक कोणत्या कोनात टेकलं हे शिकवायला त्याला त्याचा उपयोग होतो. खरा अपघात घडला तर मेमरी कार्ड तसंच बाजूला काढावं, काही पुसू नये, काही उजळू नये, आणि तपास करणाऱ्यांना मूळ फाइल द्यावी.

बाकीच्या फाइलींना घरी येताच नाव द्यावं: तारीख, जागा, पट्टीचा आकडा, विमानाचा नंबर. २०२५-११-०९-बिरसी-२२ आणि पुढे व्हीटीची अक्षरं, अशा पद्धतीने. विमानं विकली जातात, रंग बदलतात, दुसऱ्या राज्यात जातात. दहा वर्षांनी एखाद्या नंबरचा शोध घेणाऱ्याला तो याच नोंदीतून सापडतो. महिन्यातून एकदा त्यातला एखादा चांगला फोटो आठ बाय बाराच्या कागदावर छापून हँगरमधल्या मेकॅनिकला द्यावा, मागे तारीख आणि शटरचा आकडा लिहून. ज्या पंख्याचे बोल्ट तो रोज तपासतो, तो पंखा फिरताना बाहेरून कसा दिसतो हे त्याला कामाच्या गडबडीत क्वचितच बघायला मिळतं.